गोचिडीनं सोडलेली जागा

शेळी जिवंत होती तेव्हा
गोचीड चावली असेल पाठीवर.
तिळाएवढी खूण.
कातडं चौकटीवर ताणलं
तसतसं भोक वाढत गेलं,
शेवटी डोळ्याएवढं झालं.
अब्बा झेराब्रुकांनी ते शिवलं नाही,
वळसा घालून लिहीत गेले,
ओढ्यानं खडकाला घालावा तसा.

मी तेव्हा बारा वर्षांचा. यितागेसू.
ताना सरोवरातल्या आमच्या बेटावर
माझ्याइतकं भरभर कुणी म्हणत नसे.
टांगलेल्या शिळेवर पहाटेचा टोला पडायच्या आत
माझी तीन स्तोत्रं म्हणून व्हायची,
कॉफीची बोंडं वेचताना आणखी सात.
शब्द तोंडात लाह्यांसारखे फुटायचे.
एमाहोय वेलेत्तेला एकही दात नव्हता, ती म्हणायची,
"पोरा, तू जेवतोस की नुसती ताटं मोजतोस?"

मग अब्बांनी ते दुमडलेलं जोडपान
माझ्या मांडीवर ठेवलं.
"वाच."
मी घडाघडा वाचलं.
"आणि हे?" त्यांचं बोट भोकावर.
"इथं काही नाही, अब्बा."
"मग ते वाचून ये."

वाटलं, म्हातारा चळला.
रानअंजिराखाली जाऊन बसलो.
पहिला दिवस रागात गेला,
दुसरा भुकेत, उपासाचे दिवस होते.
तिसऱ्या दिवशी लव्हाळ्याच्या होडीतून
कुणीतरी मीठ घेऊन आलं.
मी वर पाहिलं नाही.
पाहिलं. थोडंसं.

आमच्या लिपीत दोन शब्दांच्या मध्ये
दोन ठिपके असतात, एकावर एक.
वाक्य संपलं की चार.
आजवर त्यांच्यावरून उड्या मारत आलो होतो.
आता एका जोडीपाशी अडकलो
आणि मागे टाकलेला शब्द
हळूच येऊन शेजारी उभा राहिला.
ज्या भाषेत आईनं मला कधी रागे भरलं नाही,
ज्या भाषेत बाजारात कुणी घासाघीस करत नाही,
जी आता फक्त देवाशी बोलायला उरली आहे,
तिच्यात लिहिलं होतं, 'पाणी'.
हजारदा म्हटला असेन तो शब्द.
कधी ओला झालो नव्हतो.

संध्याकाळी भोकातून पाहिलं.
मागच्या पानावरचं एक अक्षर दिसत होतं, लाल.
लाल शाई आम्ही पवित्र नावांसाठी राखतो.
कुणाचं नाव, ते कळेना, अक्षर एकच.
पान उलटलं असतं तर कळलं असतं.
हात गेलाही होता.

मग उजेड गेला.
पाणघोडा काठावर आला,
गवत उपटल्याचा तो टरटर आवाज,
मग चावणं,
मग तेही नाही.
दर्शन झालं असं मी सांगणार नाही.
अंधारात शेजारी कुणी येऊन बसलं
की न पाहताही
आपली ती बाजू उबदार लागते ना,
तेवढंच.
किती वेळ, तेही सांगता येत नाही.
पायाला मुंग्या आल्या होत्या, हे पक्कं आठवतं.

पहाटे अब्बा शाई घोटत होते,
काजळी आणि करपवलेले दाणे.
मी म्हटलं, "वाचलं."
त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.
म्हणाले, "पाणी आण."
मी घागर घेऊन काठावर गेलो
आणि तिथं उगाचच रडलो.

या गोष्टीला पन्नास वर्षं होतील.
त्यानंतर कितीदा तसाच बसलो,
बहुतेक वेळा नुसत्या मुंग्याच आल्या.
माझं म्हणणं आता सावकाश असतं,
अर्धं दातांमुळे.

आज चौकटीवर नवं कातडं आहे,
डाव्या अंगाला तशीच एक खूण, फाकत चाललेली.
सुई ओवून ठेवली आहे.
काही भोकं शिवावीच लागतात,
नाहीतर पान तिथूनच फाटतं.
हे त्यातलं आहे की नाही
अजून कळलेलं नाही.
ऊन कलेपर्यंत बघत बसेन म्हणतो.